पाकिटावरचा एक शब्द : ‘ग्लूटेन-मुक्त’ या हमीचा इतिहास

१/
किराणा दुकानातील एखाद्या पुड्यावर ‘ग्लूटेन-मुक्त’ असे छापलेले दिसते. बहुसंख्य ग्राहकांना ती आहारातली एक नवी टूम वाटते. परंतु सीलिॲक हा विकार असलेल्या माणसाच्या दृष्टीने त्या शब्दावर त्याच्या आतड्याचे आरोग्य अवलंबून असते. पाकीट बंद आहे, आतले पीठ कोणत्या यंत्रातून गेले हे दिसत नाही आणि चव घेऊन काहीही कळत नाही. मग त्या शब्दावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? या एका प्रश्नाचे उत्तर तयार होण्यास जवळजवळ तीन शतके लागली. त्या उत्तराचा हा इतिहास.

२/
प्रथम मूळ गोष्ट. गहू, राय आणि सातू म्हणजे बार्ली या धान्यांत काही विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना एकत्रितपणे ग्लूटेन म्हणतात. सीलिॲक विकारात ही प्रथिने पोटात गेली की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांच्याद्वारे अन्नरस शोषला जातो. ते उंचवटे झिजून सपाट होतात. मूल जेवते, पण अन्न अंगी लागत नाही. या विकाराचा प्रस्थापित उपचार एकच : ग्लूटेन आयुष्यभर वर्ज्य करणे. अवघड भाग असा की, अल्प प्रमाणातील ग्लूटेनने कित्येकांना काहीच त्रास जाणवत नाही, तरी आतडे मात्र झिजत राहते. म्हणून पोटाची साक्ष येथे पुरेशी ठरत नाही.

३/
ग्लूटेन हा पदार्थ प्रथम वेगळा केला तो इटलीतील बोलोन्या येथील याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी यांनी. १७२८ मध्ये त्यांनी आपले निरीक्षण तेथील विद्वत्सभेपुढे मांडले आणि १७४५ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले. प्रयोग साधा होता. गव्हाच्या पिठाचा गोळा पाण्याखाली धरून चोळत राहायचे. पांढरे सत्त्व पाण्याबरोबर निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. बेक्कारींना आश्चर्य वाटले ते याचे की, हा लगदा वनस्पतीतून निघालेला असूनही प्राणिज पदार्थासारखा सडतो. लॅटिन भाषेत ‘ग्लूटेन’ म्हणजे डिंक किंवा सरस. पोळीला ताण देणारा आणि पावाला फुगवणारा पदार्थ तो हाच. तो कोणाला अपाय करीत असेल, अशी शंका मात्र पुढची दोनशे वर्षे कोणाला आली नाही.

४/
विकाराची नोंद त्याहून कितीतरी जुनी आहे. रोमन साम्राज्याच्या काळात, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास, कॅपाडोशियाचा अरेटियस हा ग्रीक वैद्य होऊन गेला. ज्यांना अन्न पचत नाही, वारंवार जुलाब होतात आणि देह खंगत जातो, अशा रुग्णांचे वर्णन त्याने केले. ग्रीक भाषेत पोटाला ‘कोइलिया’ म्हणतात. त्यावरून या रुग्णांना त्याने दिलेले नाव आजच्या ‘सीलिॲक’ या शब्दाचे मूळ होय. जठरातील उष्णता मंदावल्याने अन्न शिजत नाही, अशी त्याची उपपत्ती होती. आपल्याकडील जठराग्नीची कल्पना आठवावी, असाच हा विचार आहे. १८५६ मध्ये फ्रान्सिस ॲडम्स यांनी अरेटियसचे ग्रंथ इंग्रजीत आणले आणि ते वर्णन ब्रिटिश डॉक्टरांच्या हाती सहज येऊ लागले.

५/
५ ऑक्टोबर १८८७ रोजी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात सॅम्युएल गी यांनी या विकारावर व्याख्यान दिले. पुढील वर्षी ते छापले गेले. हा रोग सर्व वयांच्या माणसांना होतो, परंतु एक ते पाच वर्षांच्या मुलांत विशेष आढळतो, असे त्यांनी सांगितले. फुगलेले पोट, काड्यांसारखे हातपाय, फिकट आणि विपुल शौच, खुंटलेली वाढ, अशी लक्षणे त्यांनी अचूक टिपली. त्याहूनही महत्त्वाचे त्यांचे अनुमान होते : रुग्ण बरा होणार असेल, तर तो आहारामुळेच होईल. पिठूळ पदार्थ अल्प प्रमाणात द्यावेत, हेही त्यांनी सांगितले. मात्र पातळ काप करून भाजलेला पाव देण्यास त्यांची हरकत नव्हती. दार सापडले होते, किल्ली सापडली नव्हती.

६/
गी यांच्या लेखात एका मुलाची हकीकत आहे. त्याला रोज उत्तम प्रतीचे डच शिंपले भरपूर प्रमाणात खाऊ घातले जात होते, आणि तो आश्चर्यकारक रीतीने सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि तो पुन्हा आजारी पडला. पुढच्या हंगामात त्याने शिंपले खाण्यास साफ नकार दिला. शिंपल्यांत औषधी गुण आहे, असा समज त्या काळी होणे स्वाभाविक होते. आज त्या हकीकतीचा अर्थ निराळा लावता येतो : पोट शिंपल्यांनी भरल्यामुळे पावाला जागा उरली नव्हती. मूल काय खात होते याकडे सर्वांचे लक्ष होते. ते काय खात नव्हते, हे कोणी पाहिले नाही.

७/
हीच चूक १९२४ मध्ये अमेरिकेत पुन्हा घडली, आणि तीही एका यशस्वी उपचाराच्या रूपाने. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. पाव, बिस्किटे, बटाटे आणि सर्व तृणधान्ये बंद करून मुलांना मुख्यतः केळी द्यायची, असा तो क्रम होता. मुले खरोखर सुधारली. मृत्यूच्या दारातून परतलेल्या लेकरांच्या आयांना केळे हे देवाघरचे फळ वाटले तर नवल नाही. पुढची अनेक वर्षे हा आहार सीलिॲकवरचा प्रमुख उपचार मानला गेला.

८/
हास यांच्या आहाराने अनेक मुलांचे प्राण वाचवले, हे निर्विवाद आहे. तथापि कारण चुकीचे ठरवले की उपचारही अर्धवट राहतो. केळ्याने रोग बरा होतो असे मानले, तर मूल धडधाकट झाल्यावर त्याला पुन्हा पाव देण्यात काहीच गैर दिसत नाही. घडलेही तसेच. अनेक मुले ‘बरी झाली’ म्हणून नेहमीच्या आहारावर परतली आणि आतड्याची झीज निमूटपणे पुन्हा सुरू झाली. ज्यांना हा उपचारही मिळाला नाही त्यांची स्थिती याहून बिकट होती. लंडनच्या त्याच बालरुग्णालयातील ७३ रुग्णांचा आढावा १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते.

९/
किल्ली अखेर नेदरलँड्समध्ये सापडली. विलेम कारेल डिके यांचा जन्म १९०५ चा. १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते हेग येथील युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. पाव बंद केला की आपले मूल सुधारते, असे एका आईने त्यांना सांगितले होते, अशी आठवण त्यांच्या घरच्यांकडून पुढे आली. त्या काळी आयांच्या अशा बोलण्याला ‘भाबडी समजूत’ म्हणून बाजूला सारणारे डॉक्टर पुष्कळ होते. डिके यांनी ते सारले नाही. मुलांच्या आहारातून गहू काढायचा, पुन्हा घालायचा, वजनाचा आणि उंचीचा आलेख ठेवायचा, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने केले.

१०/
मग युद्ध आले. सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप केला आणि नाझी फौजांनी देशाच्या पश्चिम भागाची अन्नवाहतूक रोखली. त्यानंतरचा हिवाळा डच इतिहासात ‘होंगरविंटर’, म्हणजे भुकेचा हिवाळा, या नावाने ओळखला जातो. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. सुमारे २०,००० माणसे मृत्युमुखी पडली. पाव जवळजवळ दिसेनासा झाला. सगळा देश खंगत असताना सीलिॲकची मुले मात्र तुलनेने बरी राहिली. मुक्तीनंतर विमानांतून आणि जहाजांतून पाव आला, शहरांनी आनंद केला, आणि या मुलांची प्रकृती पुन्हा ढासळली.

११/
ही कथा इतकी परिणामकारक आहे की, दुष्काळामुळेच हा शोध लागला असे सर्रास सांगितले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. गहू वर्ज्य केलेल्या आहाराविषयी डिके यांचे लेखन १९४१ मध्येच प्रसिद्ध झाले होते, म्हणजे भुकेच्या हिवाळ्यापूर्वी तीन वर्षे. दुष्काळाने त्यांना कल्पना दिली नाही. आधीपासून असलेल्या संशयाला नियतीने एक भीषण पुरावा जोडला, इतकेच. शोध अपघाताने लागतात, हे ऐकायला गोड वाटते. पण ज्याच्या हाती आधीपासून नोंदवही आहे, त्यालाच अपघाताचा अर्थ कळतो. १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठात डिके यांनी हे सारे प्रबंधरूपाने मांडले.

१२/
निरीक्षणाला मोजमापाची जोड अजून हवी होती. ती दिली उत्रेख्तचे जीवरसायनतज्ज्ञ यान व्हान दे कामर आणि बालरोगतज्ज्ञ वायर्स यांनी. व्हान दे कामर यांनी शौचातील स्निग्धांश मोजण्याची एक विश्वासार्ह पद्धत तयार केली होती. अन्न शोषले गेले नाही की चरबी शौचावाटे बाहेर पडते. त्यामुळे हा आकडा आतड्याच्या अवस्थेचा दाखला ठरतो. मुलांना गहू दिला की आकडा वाढे. राय दिली तरी वाढे. मात्र गव्हातले केवळ सत्त्व दिले, तर तो वाढत नसे. बेक्कारींनी पाण्याखाली धुऊन वेगळे केलेले दोन भाग येथे पुन्हा समोरासमोर आले, आणि दोषी कोण ते ठरले : पाण्याबरोबर वाहून जाणारे सत्त्व निर्दोष, हातात उरणारा चिकट लगदा अपायकारक. १९५३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनीही १९५२ मध्ये त्याला दुजोरा देणारे संशोधन प्रसिद्ध केले होते.

१३/
१९५४ मध्ये ब्रिटिश डॉक्टर पॉली यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यांवरून आतड्याच्या अस्तराची झीज दाखवून दिली. लवकरच तोंडावाटे नळी घालून आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढण्याची साधने आली. मार्गो शायनर आणि विल्यम क्रॉस्बी ही नावे त्या संदर्भात महत्त्वाची आहेत. आता डॉक्टरांना आतडे प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. त्यातून अस्वस्थ करणारी गोष्टही उघड झाली : ज्यांना काहीच त्रास होत नाही, त्यांचेही आतडे झिजलेले असू शकते. ‘थोडेसे खाऊन पाहू, त्रास झाला तर सोडू’ हा घरगुती न्याय येथे निकामी ठरला. डिके १९६२ मध्ये वारले. तोवर रोगाचे कारण कळले होते. प्रश्न आता रुग्णालयातून बाजारात शिरला होता.

१४/
घरी दळलेले, घरी रांधलेले अन्न ओळखता येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र पाश्चात्त्य देशांतील जेवण वेगाने डब्यांत आणि पाकिटांत गेले. सूप दाट करायला मैदा, सॉसेजमध्ये भर म्हणून पावाचा चुरा, गोळ्या-चॉकलेटांत माल्ट, सोया सॉसमध्ये आंबवलेला गहू. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये सीलिॲक रुग्णांची संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक होते एलिझाबेथ सेगल आणि पीटर बेनेन्सन. हे बेनेन्सन म्हणजे ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’चे जनक. त्यांना स्वतःला सीलिॲक होता. राजबंद्यांसाठी लढणारा हा वकील रुग्णांच्या हक्कासाठीही उभा राहिला. कोणते पदार्थ सुरक्षित आहेत याच्या याद्या तयार करणे, हे अशा संघटनांचे मोठे काम ठरले. कणसावर काट मारलेले जे चिन्ह आज अनेक देशांतील पाकिटांवर दिसते, तेही याच चळवळीतून आले.

१५/
लपलेल्या ग्लूटेनचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र मराठी स्वयंपाकघरातच आहे, आणि ते म्हणजे हिंग. अफगाणिस्तान-इराणकडील झाडांच्या मुळांतून निघणारा शुद्ध हिंग इतका उग्र असतो की, तो तसाच वापरणे कठीण. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून ‘बांधानी हिंग’ तयार करतात. भारतीय अन्ननियमांतील व्याख्येतच खाद्य डिंकाबरोबर सत्त्व किंवा धान्याचे पीठ घालण्यास परवानगी आहे. हे पीठ तांदळाचे असू शकते, तसेच गव्हाचेही. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, तांदळाचा भात, असे निर्धास्त वाटणारे ताट फोडणीतल्या चिमूटभर हिंगाने शंकास्पद होते. डबीवरची बारीक अक्षरे वाचणे येथे अपरिहार्य ठरते.

१६/
‘सुरक्षित’ म्हणजे नेमके किती? अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी ‘कोडेक्स अलिमेंतारियस’ ही व्यवस्था अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६३ मध्ये उभी केली. ग्लूटेन-मुक्त अन्नासाठी तिचा पहिला निकष १९७९ चा. त्या काळी युरोपात गव्हाच्या धुतलेल्या सत्त्वापासून रुग्णांसाठी पाव बनवत, आणि त्या सत्त्वात ग्लूटेनचा अंश राही. तो थेट मोजण्याचे साधन नव्हते. म्हणून नायट्रोजन मोजायचा असे ठरले : कोरड्या सत्त्वाच्या १०० ग्रॅमला ०.०५ ग्रॅमपेक्षा अधिक नको. अडचण उघड होती. नायट्रोजन सर्वच प्रथिनांत असतो. तो आकडा ग्लूटेनचा होता असे म्हणणे म्हणजे धुरावरून चुलीतले लाकूड ओळखण्यासारखे होते.

१७/
खरे साधन आले ते प्रतिपिंडांच्या रूपाने. प्रतिपिंड हा असा रेणू असतो की, तो ठरावीक आकाराच्या प्रथिनालाच चिकटतो. कुलपाला किल्ली बसावी तसा. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील स्केरिट आणि हिल यांनी भाजलेल्या-शिजवलेल्या अन्नातही ग्लूटेन ओळखणारी चाचणी विकसित केली. पुढे स्पेनमध्ये माद्रिद येथील एन्रिके मेंदेस यांच्या गटाने ‘आर-५’ या प्रतिपिंडावर आधारलेली चाचणी तयार केली आणि कोडेक्सने ती स्वीकारली. दहा लाख भागांत काही मोजके भाग, इतके सूक्ष्म प्रमाण आता मोजता येऊ लागले. चाचणीला मर्यादाही होत्या. आंबवलेल्या पदार्थांत प्रथिनांचे तुकडे पडतात, आणि दोन ठिकाणी पकड घेणारी नेहमीची चाचणी त्या लहान तुकड्यांना हुकते. बिअर आणि सोया सॉस यांचा प्रश्न म्हणूनच अधिक गुंतागुंतीचा राहिला.

१८/
मोजता आले, तरी किती चालते हे शरीरालाच विचारावे लागते. इटलीचे कार्लो कतास्सी आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. ग्लूटेन वर्ज्य असलेल्या प्रौढ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला रोज १० मिलिग्रॅम ग्लूटेनची कॅप्सूल, दुसऱ्याला ५० मिलिग्रॅमची, तिसऱ्याला ग्लूटेन नसलेली. ९० दिवसांनंतर आतड्याचे नमुने तपासले. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे आतडे झिजू लागले होते. ५० मिलिग्रॅम म्हणजे किती? गव्हाचे साधारण अर्धा ग्रॅम पीठ. भाकरी थापताना हाताला लागून राहील इतके.

१९/
२००८ मध्ये कोडेक्सने नवा निकष स्वीकारला. ‘ग्लूटेन-मुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावे. २० ते १०० मिलिग्रॅमचा, ग्लूटेन कमी केलेल्या पदार्थांचा वर्ग निराळा. हिशेब समजून घेण्याजोगा आहे. मर्यादेच्या अगदी काठावर असलेले असे अन्न एखाद्याने दिवसाला अर्धा किलो खाल्ले, तरी पोटात १० मिलिग्रॅमच जाते. मग शून्य का नाही? कारण शून्य मोजता येत नाही. साधनाला जेथवर दिसते तेथवरच कायद्याला बोलता येते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी ‘आढळता कामा नये’ असा कठोर नियम केला. परिणामी तेथे साधन जितके सूक्ष्म होईल, तितकी मर्यादा आपोआप खाली सरकते.

२०/
अमेरिकेत हा शब्द कायद्यात येण्यास विलक्षण विलंब झाला. २००३ मध्ये तेथे १३,१४५ लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि सामान्यांत १३३ जणांमागे एकाला सीलिॲक असल्याचे दिसले. २००४ चा ॲलर्जीविषयक कायदा २००६ पासून लागू झाला. त्याने पाकिटावर ‘गहू’ जाहीर करणे सक्तीचे केले, परंतु सातू आणि राय वगळले. म्हणून ‘गहू नाही’ आणि ‘ग्लूटेन नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. सातूचे माल्ट पहिल्या चाळणीतून सुटते. त्याच कायद्याने ‘ग्लूटेन-मुक्त’ची व्याख्या २००८ पर्यंत ठरवण्यास सांगितले होते. मुदत उलटून गेली. मे २०११ मध्ये कार्यकर्त्यांनी वॉशिंग्टनमध्ये ग्लूटेन नसलेला एक अवाढव्य केक उभारून सरकारला आठवण करून दिली. अंतिम नियम ऑगस्ट २०१३ मध्ये आला. मर्यादा तीच : दहा लाखांत २० भागांहून कमी.

२१/
नियमाची गरज किती होती, हे २०१० मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या तपासणीने दाखवले. ज्वारी, बाजरी, सोयाबीन अशा निसर्गतः ग्लूटेन नसलेल्या, परंतु तशी हमी न छापलेल्या धान्यांचे व पिठांचे २२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ७ नमुन्यांत मर्यादेपेक्षा अधिक ग्लूटेन निघाले. सोयाबीनच्या एका पिठात तर दहा लाखांत २,९२५ भाग. घटकांच्या यादीत गव्हाचा उल्लेख नव्हता आणि यादी खोटीही नव्हती. शेजारचे शेत, तोच कापणीचा यंत्रसंच, तोच ट्रक, तेच जाते, यांतून गहू आत आला होता. घटकांची यादी काय घातले ते सांगते. काय मिसळले गेले ते सांगत नाही.

२२/
ओट्सची कथा याच सूत्राची आहे. डिके यांनी ओट्स अपायकारक मानले होते. १९९५ मध्ये फिनलंडमधील संशोधनाने बहुतेक प्रौढ रुग्णांना शुद्ध ओट्स चालतात असे दाखवले. मात्र बाजारातील ओट्समध्ये गहू-सातूची भेसळ सहज होते, म्हणून ते विशेष काळजी घेऊन निवडावे लागतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘जनरल मिल्स’ या अमेरिकी कंपनीने ‘चीरिओज’ची सुमारे १८ लाख खोकी परत मागवली. खोक्यांवर ग्लूटेन-मुक्त असे छापलेले होते, पण कॅलिफोर्नियातील लोडाय येथील कारखान्यात ओट्सच्या पिठाच्या मार्गात चुकून गव्हाचे पीठ शिरले होते. शब्दामागे रोजची दक्षता नसेल, तर तो शब्द केवळ शाई उरतो.

२३/
भारतात सीलिॲक हा दीर्घकाळ ‘गोऱ्यांचा रोग’ मानला जाई. १९६६ मध्ये उत्तर भारतीय मुलांतील सीलिॲकविषयीचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २०११ मध्ये दिल्ली परिसरातील अभ्यासाने ९६ जणांमागे एक असे प्रमाण दाखवले. २०१६ मधील तुलनात्मक अभ्यासात उत्तरेत ते १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ च्या सुमारास किलोमागे २० मिलिग्रॅम हीच मर्यादा स्वीकारली. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी ग्लूटेनयुक्त धान्यांचा स्पष्ट उल्लेख पाकिटावर अनिवार्य केला. त्या यादीत गव्हाबरोबर राय, सातू आणि ओट्सही आहेत.

२४/
महाराष्ट्राचे पारंपरिक ताट या दृष्टीने सुदैवी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. अडचण येते ती गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू निघाल्यावर त्याच जात्यात ज्वारी पडते. ‘तांदळावर तांदूळ दळा’ अशी सूचना पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते आणि उपवासाचे दळण तर अनेक घरांत वेगळे ठेवले जाते. ती पद्धत सोवळ्यासाठी किंवा पिठाच्या चवीसाठी असेल. परंतु आधुनिक अन्नशास्त्र ज्याला ‘अन्य धान्याचा संसर्ग टाळणे’ म्हणते, त्याच तत्त्वावर ती उभी आहे. सीलिॲकच्या रुग्णाला मात्र तेवढ्याने भागत नाही. त्याच्यासाठी जातेच वेगळे हवे.

२५/
पाकीट हाती घेतल्यावर वाचण्याचा क्रमही या इतिहासानेच घालून दिला आहे. प्रथम घटक पाहावेत : गहू, मैदा, रवा, राय, सातू, माल्ट. ही डिके आणि व्हान दे कामर यांची देणगी. मग ॲलर्जीची सूचना पाहावी. ती २००४ नंतरच्या कायद्यांची. मग ‘अंश असू शकतो’ ही ओळ. ती अनेक देशांत ऐच्छिक असल्यामुळे तिचा अभाव म्हणजे शुद्धतेची हमी नव्हे. शेवटी ‘ग्लूटेन-मुक्त’ हा दावा किंवा काट मारलेल्या कणसाचे चिन्ह. त्यामागे आकडा आणि उत्तरदायित्व असते. आणि मागच्या वेळी चालले म्हणून या वेळीही चालेल असे धरू नये, कारण उत्पादक घटक बदलतात. यांतली एकही पायरी आधीच्या पायरीची जागा घेऊ शकत नाही.

२६/
बोलोन्यात पाण्याखाली चोळलेला कणकेचा गोळा, लंडनमध्ये शिंपले नाकारणारे मूल, हेगमध्ये वजनाचे आलेख लिहिणारा डॉक्टर, भुकेल्या शहरांवर उतरलेला पाव, आणि आतडे तपासू देणारे स्वयंसेवक रुग्ण. ‘ग्लूटेन-मुक्त’ या शब्दाला वजन आले ते या सर्वांमुळे. १९३९ च्या त्या ७३ मुलांपैकी जी वाचली नाहीत, त्यांना कोणते अन्न मारते आहे हे त्यांच्या आयांना ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. आज किराणा दुकानात उभी राहून एखादी आई पाकीट उलटे करते, बारीक अक्षरे वाचते आणि ते परत फळीवर ठेवते किंवा पिशवीत टाकते. तो निर्णय तिला घेता येतो, इतकीच या इतिहासाची कमाई. पण ती लहान नाही.